खांड्याची हळद

मुलगा कुठे आहे?

नवरदेव पाटावर बसवला, आणि घसरला.

पुन्हा बसवला, पुन्हा घसरला. मग नवरदेवाच्या आत्यानं, शकुबाईनं, त्याला ओट्याच्या भिंतीला टेकवलं, पायाशी वरवंटा लावला, तेव्हा कुठे तो उभा राहिला. नळीच्या तोंडाला बाशिंग. त्याखाली मुखरूचं नवं उपरणं. बाकी सगळ्या अंगावर वर्षानुवर्षांच्या दसऱ्यांचा शेंदूर, तेलात मुरलेला, वाळल्या चिखलासारखा जाड.

मांडवात बायका हसल्या. सुगंधाला हसू आलं नाही. ती पहाटेपासून उभी होती. आचारी मीठ मागत होता, वाजंत्रीवाले विडी मागत होते, जबलपूरचे जावई गरम पाणी मागत होते. नानाजी, म्हणजे तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ, मुखरूचे बाप आणि या घराचे कर्ते, काही मागत नव्हते. ते फक्त थोड्या थोड्या वेळानं येऊन 'आता कसं होईन' म्हणून जात होते.

खरा नवरदेव आलापल्लीच्या दवाखान्यात पाय बांधून पडला होता. लाकडाच्या डेपोत सागाचा ओंडका घरंगळला आणि मुखरूच्या नडगीवर आला. काल दिवेलागणीला ट्रकवाल्यानं एवढं सांगितलं, पाणी प्यायला आणि गेला. लग्न पुढं ढकलावं तर ही हंगामाची शेवटची तिथी. त्यात मुलीकडच्यांच्या गावची विहीर आटलेली, म्हणून ते सगळं वऱ्हाड घेऊन इथंच खैरबोडीत येऊन उतरलेले. डाळ शिजायला टाकली होती. मग गहाण्यांच्या घरची जुनी वाट उघडली: नवरदेव येऊ शकत नसेल तर त्याच्या नावानं घरचा खांडा उभा करायचा. इतरांकडे खांडा म्हणजे तलवार असते, कट्यार असते. गहाण्यांची तलवार इंग्रजानं जमा करून घेतली होती. बंदूक उरली होती.

नवल करण्यासारखं त्यात काही नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी याच ओट्यावर याच बंदुकीशी सुगंधाचं लग्न लागलं होतं.

मुलाचं वय काय?

हा प्रश्न लच्छूजींनी विचारला.

लच्छूजी म्हणजे पारबताचे, नवरीचे मामा. पोलिसातून जमादार होऊन घरी बसलेले. वर्दी उतरली तरी मिशी अजून नोकरीवर होती. हळदीआधी नवरीच्या मामानं नवरदेवाला एकदा पाहून घ्यावं म्हणून ते ओट्यावर आले, आणि पाहता पाहता त्यांच्यातला मामा बाजूला झाला. बंदुकीच्या घोड्यामागची जागा त्यांनी नखानं ठोकली. कान लावला. मग नानाजींना विचारलं की लायसनवर काय लिहिलं आहे.

ठासणीची, नानाजी म्हणाले. रानडुकरांपासून धान राखायला ठासणीची एक बंदूक. बापाच्या वेळेपासून तेच लिहिलेलं आहे.

"ही ठासणीची नाई," लच्छूजी म्हणाले. "हिले मागून दार हाये. गोळी मागून जाते. ही पलटनीची रायफल होय, भाऊ. सरकारी माल."

चौदा वर्षं या घरात राहून सुगंधाला बंदुकीला दार असल्याचं माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. दर दसऱ्याला सुवासिनी तिला तेल-शेंदूर लावत. आधीचा कोणी काढत नसे, कारण देवावरचा शेंदूर माणसानं काढायचा नसतो. देव आपणहून खोळ टाकतो, तेव्हा ती नदीत सोडायची. गहाण्यांच्या देवानं अजून टाकली नव्हती. दार शेंदराखाली बुजलं, आणि बुजलेल्या दाराला सगळे ठासणी म्हणाले. ती कधी वाजली असेल तर ऐकणारी पिढी केव्हाच गेली होती. नानाजी मचाणावर तिला मांडीवर घेऊन बसत आणि डुकरं आली की रॉकेलचा डबा बडवत.

लच्छूजींचं पुढचं म्हणणं अगदी सरळ होतं. यंदाच्या निवडणुकीत चिमूरच्या बाजारात नानाजींनी भाषण केलं. लच्छूजी समोर फुटाणे खात बसले होते. बेचाळीस साली माझ्या धाकट्या भावानं, देवाजीनं, पोलिसाच्या हातून बंदूक हिसकावली आणि ती आजही आमच्या घरी पुजली जाते, असं नानाजी म्हणाले होते. टाळ्या पडल्या. लच्छूजींनीही वाजवल्या. आपल्या भाचीचं लग्न त्याच बंदुकीशी लागायचं आहे हे तेव्हा त्यांना कुठून ठाऊक असणार.

"लुटीच्या मालाशी मी पोरीचं लगन लावू देनार नाई," ते म्हणाले. "आन घरात ठेवली कशी, तेही ठान्यात सांगा लागन."

वाजंत्रीवाल्यांनी सनई खाली ठेवली. त्यांना विडी ओढायला निमित्त मिळालं.

घराणं कोणतं?

नानाजींनी आधी घाम पुसला, मग भाषण मागं घेतलं.

भाषण ते भाषण, ते म्हणाले. निवडणुकीत माणूस बोलते. खरी गोष्ट अशी की बंदूक फार जुनी. अठराशे अठ्ठावनच्या बंडात आपल्या पणज्यानं एका गोऱ्या साहेबाला घोड्यावरून बंदुकीसकट खाली ओढलं, तीच ही. बाप सांगत होता. बापाचा बाप सांगत होता.

म्हणजे मंचावर खोटं बोलले की ओट्यावर, असं लच्छूजींनी विचारलं.

शकुबाई लगेच भावाच्या बाजूनं उभी राहिली. अठ्ठावनचीच. पणज्याची गोष्ट तिनं सासरी जबलपुरात शंभरदा सांगितली होती आणि तिथं कोणी नाही म्हणालं नव्हतं. नानाजींना बळ आलं. घोड्याचा रंग आठवला. पांढरा.

सुगंधा दारात मिठाचं मडकं घेऊन उभी होती. भासऱ्यांशी भावजय थेट बोलत नाही. त्यातून मुखरूची आई तो पाच-सहा वर्षांचा असताना गेली, त्याला सुगंधानं वाढवला, घर तिनं चालवलं, तरी नानाजींशी बोलायचं तर ती ओट्याच्या खांबाशी बोलायची. खांबाला आतापर्यंत या घरातलं सगळं माहीत झालं होतं.

आताही तिनं खांबाला सांगितलं की तिच्या नवऱ्याला, देवाजीला, कधी कोंबडी कापता आली नाही. कापायची असली की शेजाऱ्याला हाक मारायचा आणि स्वतः विहिरीकडे जाऊन उभा राहायचा. तो पोलिसाच्या हातून बंदूक कसा ओढेल, हे खांबानं सांगावं. त्याला झेंड्यासकट धरला होता. झेंड्यासकट.

खांब काही बोलला नाही. नानाजी म्हणाले, तेच तर मी म्हणून राह्यलो, अठ्ठावनची.

आणि मग शकुबाईच्या तोंडून ते निघालं. तिच्या मनात वाईट नव्हतं; तिच्या मनात सहसा काहीच नसे, म्हणून तोंडात सगळं असे.

"पन बेचाळीसची असली," ती म्हणाली, "तं मंग वहिनीचं लगन कोनाशी लागलं?"

कोणीतरी वऱ्हाडातून म्हणालं, पोलीसखात्याशी. मांडव हसला. पिकली पानंही हसली.

सुगंधाचं लग्न, थोडक्यात

सोयरीक बेचाळीसच्या उन्हाळ्यात ठरली. पावसाळ्यात चिमूरला जे झालं ते झालं, आणि देवाजी नागपूरच्या तुरुंगात गेला. लोक म्हणाले फाशी होईल. तिच्या बापाला चौघांनी समजावलं. बाप म्हणाला, सुपारी फुटली, आता मुलगी त्यांची. पुढच्या वैशाखात बंदुकीला हळद लागली, आणि उष्टी हळद वाटीतून तिच्याकडे आली. पिवळ्या हळदीत लाल कण होते. शेंदराचे. आई म्हणाली, नवऱ्याच्या अंगचा रंग हाये, लावून घे.

लावून घेतला.

दोन वर्षं ती बंदुकीची बायको होती. घरातल्या देवळीपाशी तो उभा, आणि ती समोर तांदूळ निवडते. मग तुरुंगाचं दार उघडलं आणि खरा आला, वाळलेला, खोकणारा, हसरा. पाच वर्षं राहिला. हिवतापात गेला. त्याची म्हणून घरात दुसरी वस्तू नव्हती. झेंडाही सरकारनं ठेवून घेतला.

आज दोन शहाणे मिळून त्याला चोर ठरवायचा की शूर, यावर भांडत होते. आणि त्या भांडणातून एक प्रश्न वेगळा होऊन तिच्या पायाशी येऊन बसला होता. बंदूक बेचाळीसच्या श्रावणात घरात आली असेल, तर ती गहाण्यांचा खांडा नव्हे. मग वैशाखात ती कोणाच्या शेजारी बसली होती?

मुलाला ओळखणारं कोणी आहे का?

जावई आंघोळ करून आले.

शकुबाईचे मालक नथ्थूजी जबलपूरला बंदुकांच्या कारखान्याच्या गोदामात होते. गोदामात काय करत ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, पण सांगत ते अशा थाटात की तोफा तेच ओतत. गेल्या वर्षी चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला होता, तेव्हापासून ते खैरबोडीत पाऊल ठेवताच 'तुमच्या मुंबईत' असं म्हणायचे. तुमच्या मुंबईत पाणी गरम मिळत नाही. तुमच्या मुंबईत माश्या फार.

त्यांनी खिशातून भिंग काढलं. लग्नाला येताना माणूस भिंग का आणतो हे विचारायला कोणाला सवड नव्हती. बंदुकीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले की बेचाळीस साली पोलिसांकडे असली बंदूक नव्हतीच, ही त्यांच्या आज्याच्या वेळची. लच्छूजी म्हणाले की पोलिसांकडे काय होतं हे पोलिसाला सांगू नये. नथ्थूजी म्हणाले की बंदूक धरणं वेगळं, ओळखणं वेगळं. शिक्का पाहिल्याशिवाय वय सांगणारा माणूस अडाणी. शिक्का घोड्याखालच्या लोखंडी पत्र्यावर असतो. पत्रा शेंदराखाली आहे. तेव्हा घासलेट आणा.

त्यानंतरचं सगळं एकाच वेळी बोललं गेलं. वेगळं करून लिहायचं तर असं:

नानाजी: शेंदूर काढाचा नाई. आजवर कोनी काढला नाई.

लच्छूजी: न काढाले काय झालं? आत काय हाये ते ठाऊक हाये म्हनून?

शकुबाई: लगनाच्या दिवशी देव सोलता काय?

नथ्थूजी: घासलेटात चिंधी भिजवा, अर्ध्या घंट्यात नळी चकाचक.

नानाजी: जवाईबुवा, तुम्ही कारखान्यातले. हा देव होय.

नथ्थूजी: मंग देवालेच विचारा वय.

शकुबाई: मले सोडून सगळ्यायले बोला, माह्या भावाले काऊन बोलता?

ती कोणाला बोलली हे तिलाच कळलं नाही. तोवर ती भावाची बाजू सोडून नवऱ्याच्या बाजूला जाऊन, तिथूनही परत निघाली होती.

डाळ लागल्याचा वास आला. आचाऱ्यानं हाक मारली. कोणी हललं नाही. पारबताची आई आशाबाई कधीपासून ओट्याच्या पायरीवर हात मांडीत घेऊन बसली होती. तिनं फक्त एकदा सुगंधाकडे पाहिलं. पोरीच्या अंगाला हळद लागायची तर आधी इकडची लागायला हवी. इकडची लागत नव्हती. ऊन वर चढत होतं. परत न्यायची पोर तर कोणत्या तोंडानं न्यायची, हे त्या पाहण्यात होतं.

सुगंधानं मिठाचं मडकं खाली ठेवलं.

मधे कोण बोललं?

तिनं नानाजींशी बोलायला खांब वापरला नाही.

"भाऊ, बाजूले व्हा," ती म्हणाली. "माहा नवरा होय तो. मी खरवडते."

नानाजी बाजूला झाले. पुढंही त्यांना ते कसे झाले हे सांगता येत नसे. चौदा वर्षांत तिचा आवाज त्यांनी समोरून प्रथम ऐकला होता, आणि आवाजाला तोंड असतं याचाच त्यांना धक्का बसला असावा.

नथ्थूजी घासलेटाची बाटली घेऊन पुढं आले. तिनं ती त्यांच्या हातून घेऊन चुलीपासून लांब ठेवायला सांगितली. घासलेटानं सगळं एकात एक विरघळून लगदा होईल. मग कशाखाली काय होतं हे कोणाला कळणार? भांड्याला लागलेली खरपुडी ओल्या बोटानं चोळली तर चिखल होतो, कोरडीच कडेनं उचलली तर पापुद्र्यासारखी निघते. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, जन्मभर भांडी घासली की कळतं. तिनं विळा आणला. आधी बंदुकीला हात जोडले. पुढ्यात नारळ ठेवला. मग घोड्याखाली, पत्रा असेल म्हणत होते तिथं, विळ्याचं टोक लावलं आणि हलक्या हातानं वरवंट्यानं ठोकलं.

शकुबाईनं डोळे मिटले. काही झालं नाही. आणखी एकदा. आणखी कडेनं.

एक ढलपी सुटली. तळहाताएवढी, अखंड. सुगंधानं ती पदरात झेलली.

लोखंड दिसलं, काळंभोर. नथ्थूजी आणि लच्छूजी दोघांची डोकी भिंगावर एकमेकांना लागली. सुगंधा तिकडे पाहत नव्हती. तिनं पदरातली ढलपी उचलून उजेडात आडवी धरली होती.

जिथं ती मोडली होती तिथं तिची कड दिसत होती. थर होते. लाल, त्यावर किंचित काळपट लाल, पुन्हा लाल, जसे नदीच्या दरडीत मातीचे असतात. आणि वरच्या बाजूच्या थरांखाली, दोऱ्याएवढी बारीक, एक पिवळी रेघ.

मग तिनं लच्छूजींना बोलावलं. थेटच. आज थेट बोलायचाच दिवस होता.

"मामा, हे पाहा. हे काय होय?"

शेंदूर, ते म्हणाले.

"हे नाई. हे."

लच्छूजींनी भिंग मागितलं. भिंगाशिवायही दिसत होतं. हळद, ते म्हणाले.

"बंदुकीले हळद कवा लागली या घरी? इचारा कोनालेही. एकडावच लागली. माह्या लगनात." तिनं नखानं रेघेच्या वरचा भाग दाखवला. "हे वरचे दसरे माह्या डोयानं पाह्यले. आन हे खाली?"

रेघेच्या खाली लालच लाल होतं. वरच्या थरांच्या कितीतरी पट. जुने दसरे, आणखी जुने दसरे, खालचे तर एकमेकांत दाबून दगड झालेले. बेचाळीसच्या श्रावणात आलेल्या बंदुकीला तिच्या हळदीआधी एकच दसरा मिळाला असता.

लच्छूजींनी ढलपी उलटी केली, सुलटी केली. वास घेतला. पंचवीस वर्षं पंचनामे केलेला माणूस होता. पुराव्याशी भांडायचं नाही एवढं त्याला कळत होतं. त्यांनी ढलपी दोन्ही हातांनी सुगंधाला परत दिली.

"देवाजीभाऊनं नाई आनली ही," ते मांडवाकडे तोंड करून म्हणाले. "आधीचीच घरची हाये. माहं बोलनं मागं."

देवळीत दिवा होता. सुगंधानं ढलपी तिथं ठेवली. मग ती आचाऱ्यावर ओरडली, कारण डाळ खरोखरच लागली होती.

आणि वय?

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. पण नथ्थूजींना शिक्का सापडला होता.

मुकुट होता. मुकुटाखाली राणीच्या नावाची अक्षरं. पुढं एनफिल्ड, विलायतेतलं गाव, आणि त्याखाली साल. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं: अठराशे एकोणसत्तर. मग ज्याला समजलं नसेल त्याच्यासाठी पुन्हा वाचलं.

नानाजींनी विचारलं, बंड अठ्ठावनचंच होतं ना.

होतं. जावई म्हणाले की पणज्यानं गोऱ्याला घोड्यावरून ओढलं असेलही, पण ही बंदूक तेव्हा विलायतेत लोखंडाच्या खाणीत होती. ही स्नायडर. मागून दार उघडून गोळी भरायची, फौजेत नवी आली तेव्हा लोक पाहायला जमत. शेंदरानं जोड बुजल्यावर बाहेरून ठासणीचीच दिसणार, कारण घोडा तसाच, खालचा गज तसाच. एवढं बोलून त्यांनी सुटलेल्या जागी बोट घालून दार उघडलं. आतून कुंभारीण माशीचं मातीचं घर पडलं. माशी केव्हाच उडून गेली होती.

आता लच्छूजी आणि नथ्थूजी शेजारी शेजारी बसले. घटकेपूर्वी एकमेकांच्या उरावर बसायला निघालेले हे दोघं आता काडतुसाच्या जाडीवर बोलू लागले. लच्छूजींनी जावयांना तंबाखू दिली. शकुबाईला हे सहन झालं नाही. भांडण कशावरून होतं ते तरी लक्षात ठेवा, असं ती म्हणाली.

तेवढ्यात नथ्थूजींनी नळीच्या बुडाशी आणखी एक खूण दाखवली. घरात ती सगळ्यांना माहीत होती, शेंदरातूनही चाचपता यायची. कोंबडीचे दोन पाय, समोरासमोर. लहानपणी नानाजी त्यावर बोट फिरवून म्हणायचे की देवाची कोंबडी चालून गेली.

"कोंबडी नाई. बाण होय," नथ्थूजी म्हणाले. "एक बाण म्हंजे सरकारचा माल. त्याच्या टोकाले टोक लावून दुसरा उलटा मारला का सरकारनं माल सोडला. हर्राशीत इकला."

म्हणजे?

म्हणजे फौजेला नव्या बंदुका मिळाल्या तेव्हा जुन्या लिलावात विकायला काढल्या. कोणीतरी घेतली. त्याच्याकडून कोणीतरी घेतली. शेवटी गहाण्यांच्या पणज्यानं किंवा आज्यानं कुठल्यातरी बाजारात, मिरच्या-मीठ घेतो तशी, भाव करून घेतली.

नानाजी ओट्याच्या कडेला बसले. दोन बंडं त्यांच्या हातून एका सकाळी गेली होती. अठ्ठावन गेलं, बेचाळीसही गेलं. पांढरा घोडा गेला. ते हळूच म्हणाले की बाजारातून आणलेला नवरदेव, आता विहीणबाईंना काय सांगू.

आशाबाई पायरीवरून उठली. सकाळपासून ती पहिल्यांदा बोलली.

"कोनाचं रगत नाई, कोनाची चोरी नाई, कमाई करून आनलेलं," ती म्हणाली. "याहून चांगलं स्थळ कुठी भेटते? हळद आना."

लच्छूजींनी घसा साफ केला. लायसनवर ठासणीची आहे तर ठासणीचीच राहू द्या, असं ते कोणाकडेही न पाहता म्हणाले. दार लावा, दसऱ्याला वरून शेंदूर बसेल. सकाळी त्यांचा डोळा जरा दुखत होता, नीट दिसलं नव्हतं. नानाजींना ते मानवलं. उठता उठता ते शेजारच्या माणसाला सांगू लागले की आपला पणजा फार हुशार, राणीच्या हर्राशीत चार साहेब बोली बोलत होते, त्यानं सगळ्यांना मागं टाकलं.

सुगंधानं कपाळाला हात लावला. साहेब आत्ताच चार झाले होते. पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यांना घोडेही मिळतील, पांढरे.

स्वभाव कसा आहे?

पारबतानं आतून निरोप पाठवला, सुगंधाकाकूला बोलवा. मांडवाला लागून असलेल्या शाळेत वऱ्हाड उतरलं होतं, तिथल्या खोलीत ती मळवट भरून बसली होती. बाहेरचं सगळं तिला खिडकीतून ऐकू आलं होतं. एवढ्या गोंधळात ती रडली असेल असं सुगंधाला वाटलं होतं, पण डोळे कोरडे होते. तिला एकच विचारायचं होतं. काकू त्याच्याजवळ दोन वर्षं राहिल्या. कसं वाटलं?

सुगंधानं तिची हिरवी चोळी नीट केली.

"चांगला हाये," ती म्हणाली. "या घरातल्या सगळ्या मानसायत कमी बोलते."

पारबता हसली. मग ओठ दाबून गप्प बसली, कारण नवरीनं हसायचं नसतं.

हळद

वाजंत्री सुरू झाली. सुवासिनी वाट्या घेऊन ओट्यावर आल्या. विधवेनं या कामात हात घालायचा नसतो, म्हणून सुगंधा दाराच्या आत, देवळीपाशी उभी राहिली. तिथून सगळं दिसत होतं. शकुबाई आत्या म्हणून पुढं होती. तिनं नळीला हळद लावली, दस्त्याला लावली, चापाला लावली. वरवंटा पुन्हा पायाशी. बाशिंग सरळ केलं.

मग ती घोड्याखाली आली, जिथं ढलपी निघाली होती. लोखंडाच्या कडेनं शेंदराची तुटलेली कोर उभी होती, आणि तिच्यात ती पिवळी रेघ. शकुबाईनं वाटीत चार बोटं बुडवली आणि हात तिकडे नेला.

"शकुबाई," सुगंधा आतून म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"तेवढी जागा सोडा," ती म्हणाली. "तिथी आधीच लागून हाये."